वाहनातील ध्वनियंत्रणेचा बॅटरी व अल्टरनेटरवरील परिणाम

वाहनातील ध्वनियंत्रणा म्हणजे मोटार, जीप, ट्रॅक्टर इत्यादी वाहनांत बसविलेला स्टिरिओ, अँप्लिफायर व स्पीकर यांचा संच होय. इंजिन बंद असताना या संचाला बॅटरी वीज पुरवते; इंजिन चालू असताना ती मुख्यतः अल्टरनेटरकडून मिळते. वाहनासोबत कंपनीकडून आलेल्या स्टिरिओचा या व्यवस्थेवर फारसा भार पडत नाही. मात्र नंतर बसविलेल्या मोठ्या अँप्लिफायरमुळे बॅटरी उतरणे, दिवे मंदावणे व अल्टरनेटर तापणे असे परिणाम संभवतात.

विद्युतव्यवस्थेचे स्वरूप

वाहनांत बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिच्यात सहा घट असून पूर्ण भारित अवस्थेत तिचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो. इंजिन सुरू करताना स्टार्टरला काही सेकंद मोठा प्रवाह देणे हे तिचे मुख्य कार्य आहे. दीर्घकाळ वीज पुरविण्यासाठी तिची रचना केलेली नसते. ती वारंवार पूर्ण उतरल्यास किंवा उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्यास प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची धारणक्षमता कायमची घटते. या क्रियेस सल्फेशन म्हणतात.

अल्टरनेटर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. त्यात निर्माण होणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे डायोडांद्वारे एकदिश प्रवाहात रूपांतर होते व रेग्युलेटर दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान राखतो. अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता इंजिनाच्या वाढत्या वेगालाच मिळते; गाडी जागेवर उभी राहून इंजिन संथ चालत असताना तिचा काही अंशच उपलब्ध असतो.

विजेचा हिशेब

प्रवाह काढण्यासाठी शक्तीला दाबाने भागावे लागते. सतत ५०० वॉट ध्वनिशक्ती देणारा एबी वर्गाचा अँप्लिफायर ५० टक्के कार्यक्षम धरल्यास तो १,००० वॉट वीज घेईल, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ७२ अँपिअर. डी वर्गाच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास हाच आकडा सुमारे ४५ अँपिअर येतो. प्रत्यक्ष गाण्यात पूर्ण शक्ती ठेक्यापुरतीच लागते, त्यामुळे सरासरी प्रवाह याहून बराच कमी असतो. लहान मोटारीचा अल्टरनेटर सामान्यतः ६० ते ९० अँपिअर क्षमतेचा असतो व त्यातूनच दिवे, पंखा, इंधनपंप यांनाही वीज द्यावी लागते. वेष्टनावर छापलेले हजारो वॉटचे आकडे बहुधा क्षणिक कमाल शक्तीचे असतात.

बॅटरीवरील परिणाम

३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर इंजिन बंद ठेवून १० अँपिअर घेणारी यंत्रणा दोन तास चालविल्यास २० अँपिअर-तास, म्हणजे निम्म्याहून अधिक साठा संपतो. अशा वेळी सेल्फ न लागण्याची शक्यता असते. सदोष जोडणीमुळे यंत्रणा बंद असतानाही प्रवाह वाहू शकतो. ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते व पंधरवड्यात तीच बॅटरी निम्मी उतरवते. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात बॅटरीचे आयुष्य उष्णतेमुळे आधीच घटते. त्यात वारंवार उतरण्याची भर पडते.

अल्टरनेटरवरील परिणाम

मागणी क्षमतेहून वाढली की दाब घसरतो, उरलेला प्रवाह बॅटरी देते आणि ठेक्याबरोबर दिवे लुकलुकतात. अल्टरनेटर दीर्घकाळ पूर्ण भाराखाली राहिल्यास त्याची वेटोळी व डायोड तापून निकामी होऊ शकतात.

दुसरी बॅटरी जोडल्याने इंजिन बंद असतानाचा साठा वाढतो. वीजनिर्मिती वाढत नाही. उलट तीही भरण्याचे काम अल्टरनेटरवर येते. कपॅसिटरचा उपयोगही मर्यादित आहे. एक फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येताना केवळ २६ ज्यूल ऊर्जा देतो. १,००० वॉटच्या भाराला ती सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरती पुरते.

ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर

धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यासह महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात गाळप हंगामात ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर लावलेले आढळतात. ट्रॅक्टरची बॅटरी मोटारीच्या बॅटरीपेक्षा मोठी असते. परंतु अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५ ते ४५ अँपिअरच्या आसपास असतो. कारखान्याच्या तळावर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद ठेवून गाणी चालू राहिली, तर बॅटरी उतरते व परतीच्या प्रवासात अल्टरनेटरला ती भरण्याबरोबरच दिवे व अँप्लिफायर यांचाही भार वाहावा लागतो.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाही. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणापेक्षा कितीतरी वेगाने घटतो. दाब १० टक्के कमी झाल्यास प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीचे मागचे दिवे रात्री मंद असल्यास मागून येणाऱ्या वाहनाला ती उशिरा दिसते. मोठ्या आवाजामुळे चालकाला मागील वाहनाचा हॉर्नही ऐकू येत नाही.

दक्षता

अँप्लिफायरची निवड अल्टरनेटरच्या शिल्लक क्षमतेनुसार करणे हा मूळ उपाय होय. तांब्याची पुरेशी जाड तार, बॅटरीजवळच योग्य फ्यूज आणि पक्के अर्थिंग आवश्यक असते. व्होल्टमीटरने तपासणी सोपी होते. इंजिन, दिवे व ध्वनियंत्रणा चालू असताना बॅटरीच्या टोकांवर दाब सतत १३ व्होल्टखाली राहत असल्यास भार क्षमतेबाहेर गेला आहे किंवा पट्टा, जोडणी अथवा अल्टरनेटर यांत दोष आहे असे समजावे.

हे सुद्धा पाहा

अल्टरनेटर
शिसे-आम्ल बॅटरी
ध्वनिप्रदूषण