माहुलीचा गड आणि शिवकालीन फौजेचे वेतन

शहापूर तालुक्यातील माहुली हा पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन भागांचा डोंगरी किल्ला असून, मुरबाड तालुक्यातील सिद्धगड, गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांच्याप्रमाणेच तेथील लढाई ही मुख्यतः पायदळाची लढाई होती, कारण उभ्या कड्यांवर आणि दाट रानात घोड्याचा उपयोग पायथ्यापुरताच उरतो. या भूगोलाचा विचार केल्यावाचून शिवकालीन वेतनाच्या आकड्यांतील खरी विषमता ध्यानात येत नाही.

सभासदाच्या बखरीत हे आकडे होनांत दिलेले आहेत. होन हे सोन्याचे नाणे असून त्याची किंमत साधारणपणे साडेतीन रुपयांच्या आसपास धरली जाते. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी उतरंड होती. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार, तर शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई व म्हणून त्याचा हिशेब वेगळा असे. दर पंचवीस स्वारांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे, म्हणजे पाणी आणि घोड्याच्या टापा या दोन्हींची तजवीज फौजेच्या रचनेतच केलेली होती. घोडदळाच्या जुमलेदारास सालिना पाचशे होन व पालखी, आणि हजारीस एक हजार होन मिळत. पायदळात नाईक, त्यावर हवालदार, दोन किंवा तीन हवालदारांवर जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर हजारी असे. तेथे जुमलेदारास शंभर होन व त्याच्या सबनिसास, म्हणजे हजेरी आणि हिशेब ठेवणाऱ्या कारकुनास, चाळीस होन, तर हजारीस पाचशे होन ठरलेले होते.

दोन्ही जुमलेदारांच्या हाताखाली जवळपास सारखीच, म्हणजे शंभर-सव्वाशे माणसे असत. तरीही एकाचे वेतन दुसऱ्याच्या पाचपट होते. मुलुखगिरीवर जाऊन खंडणी आणि लूट खजिन्यात आणणारे दल घोडदळच असल्यामुळे, आणि सरकारी घोड्यांची जबाबदारीही त्याच्याच अंमलदारांवर असल्यामुळे हा फरक पडला असावा. मात्र डोंगरातील जोखमीशी त्याचा मेळ बसत नाही. पुरंदरच्या तहाने 1665 मध्ये मोगलांकडे गेलेल्या माहुलीवर फेब्रुवारी 1670 मध्ये मराठ्यांनी रात्रीच्या वेळी चढाई केली, ती किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवून लावली आणि त्यात मराठ्यांची मोठी हानी झाली. कुमक मिळत नसल्याने मनोहरदासाने पुढे किल्लेदारी सोडली, आणि त्याच वर्षी 16 जून रोजी मोरोपंत पिंगळे यांनी नवा किल्लेदार अलाहवर्दी बेग याचा पाडाव करून गड घेतला. अशा गडावर जीव धोक्यात घालून चढणारा पाईक होता, आणि त्याचा जुमलेदार शंभर होनांचाच धनी होता.

या व्यवस्थेचे मोठे बळ म्हणजे रोख वेतन. फौजेतील लोकांना गावे मोकासा म्हणून तोडून देण्याऐवजी सालिना हिशेब करून खजिन्यातून किंवा वरातीने, म्हणजे एखाद्या महालाच्या वसुलावर दिलेल्या चिठ्ठीने, पैसे चुकवले जात. त्यामुळे रयतेवर शिपायाचा थेट हक्क राहत नसे, आणि ही गोष्ट त्या काळी असामान्यच मानावी लागेल. मोहिमेवर निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची नोंद होई, परतल्यावर झाडा घेऊन जास्तीच्या मालाची किंमत वेतनातून वळती केली जाई. प्रतापगडच्या लढाईनंतर जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली गेली, आणि मृतांच्या निपुत्रिक विधवांना निम्मे वेतन चालू ठेवले गेले. म्हणजे हलकी जखमही पायदळी जुमलेदाराच्या तीन महिन्यांच्या वेतनाइतकी मोलाची ठरली.

पेशवाईत ही शिस्त सैल झाली. सरंजामाच्या जमिनी वाढल्या, वेतन थकू लागले आणि शिपाई सरदाराच्या दारी धरणे धरून बसू लागले, तर अरब शिपायाला मराठा पायदळापेक्षा बराच जास्त पगार मिळू लागला. इंग्रजांच्या फौजेतही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकली: 1914 मध्ये साध्या शिपायास दरमहा अकरा रुपये असताना, घोड्याचा खर्च सोसणाऱ्या शिलेदारी स्वारास तीसहून अधिक रुपये मिळत.

पुण्याच्या पेशवे दप्तरात किल्ल्यांच्या जमाखर्चाचे मोडी कागद आहेत. शहापूर-मुरबाडच्या तरुण अभ्यासकांनी मोडी शिकून आपल्या गडांवरील नाईक, हवालदार आणि पाईक यांची नावे व वेतने त्यांत शोधावीत. या परिसराचा लष्करी इतिहास किल्लेदारांच्या नावांवर फार काळ थांबलेला आहे.