जुन्या दप्तरांतून आपल्या घराण्यांचा शोध

ज्युबिलीच्या या पुस्तकांत आपल्या देवालयाचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा आणि शाळेचा वृत्तांत इतरत्र आलेलाच आहे. चालकांनीं मजकडे सोंपविलेला विषय त्याहून लहान, पण माझ्या मतें घरोघरीं जास्त जिव्हाळ्याचा आहे. आपण मूळचे कोण, कोठले, आणि हें जुन्या सरकारी व कोर्टाच्या कागदांवरून कितपत ठरवितां येतें, एवढाच तो विषय.

आपल्या बहुतेक घरांत या प्रश्नाचें उत्तर तयार असतें. मूळ पुरुष पोर्तुगीज अमदानींत मोठ्या मानाचा होता, राजानें त्याला वाडी बक्षीस दिली, आडनांवही तेव्हांपासूनचेंच. माझ्या घरींही हीच कथा होती. नाताळांत सर्व कुटुंब जमलें कीं वडील माणसें ती सांगत आणि आम्ही मुलें माना डोलावीत असूं. ती खरी ठरवावी या हौसेनें मी दप्तरें पाहूं लागलों, आणि ती खरी नाहीं हें कळण्यास फार दिवस लागले नाहींत. जें कळलें तें मात्र मला त्या कथेहून मोलाचें वाटतें.

पहिली चूक बहुतेकांची होते ती ही कीं, ते आडनांव घेऊन शोधास निघतात. पोर्तुगीज पुस्तकांत सोझा, परेरा, मिनेझिस, फर्नांडिस हीं नांवें शोधतात, तीं सांपडतातच, आणि तेथेंच वंशावळ जोडून मोकळे होतात. वास्तविक आडनांव हा या कामीं फार कच्चा दोरा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपित्याचें किंवा संस्कार देणाऱ्या पाद्रीचें आडनांव नव्या ख्रिस्ती घराण्यास मिळे, ही चाल सर्वश्रुत आहे. म्हणूनच एका आळींत तीन निराळ्या कुळांचीं घरें एकाच आडनांवाचीं आढळतात. पक्का दोरा आहे तो शेताचा. शेत जागचें हलत नाहीं, आणि त्यावरील सारा कोणी ना कोणी भरलेला असतोच. तेव्हां मागें जावयाचें तें शेताच्या मागोमाग, आणि आजच्या कागदापासून आरंभ करून.

तो आजचा कागद म्हणजे घरच्या पेटींतला सात-बाराचा उतारा. गांवनमुना सात यांत हक्क आणि गांवनमुना बारा यांत पिकें नोंदलेलीं असतात, त्या दोहोंचा हा जोड. या हक्कनोंदीचें मूळ मुंबई इलाख्याच्या १९०३ सालच्या कायद्यांत आहे. उताऱ्यावर मालकाच्या नांवाशेजारीं वर्तुळांत बारीक आंकडे असतात. तिकडे कोणी लक्ष देत नाहीं, पण आपल्या दृष्टीनें उताऱ्यांतला सर्वांत मोलाचा भाग तोच, कारण ते फेरफारांचे नंबर होत. त्या नंबरानें गांवनमुना सहा उघडला, म्हणजे अमुक खातेदार अमुक दिवशीं मयत झाला, त्याचे वारस अमुक अमुक, अशी नोंद सांपडते. एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर असें जात राहिलें तर दोन-तीन पिढ्या सहज हातीं येतात. आतां उतारे, आणि कांहीं ठिकाणचे जुने फेरफारही, संगणकावर पाहतां येतात. तरी मूळ पुस्तक पाहण्यास मिळाल्यास तें सोडूं नये. समासांतले शेरे, सह्या आणि अंगठे यांतच पुष्कळ कांहीं असतें.

मला पहिला धक्का बसला तो अशाच अंगठ्यांनीं. माझ्या पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारांत वारस म्हणून तीन मुलगे लिहिलेले होते. पण आजोबांना दोन बहिणी होत्या हें आम्हां सर्वांस ठाऊक. १८६५ च्या इंडियन सक्सेशन ॲक्टाप्रमाणें मृत्युपत्रावांचून मेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मिळकतींत विधवेस एक तृतीयांश आणि उरलेल्या भागांत मुलगे व मुली यांस सारखा वांटा मिळावयाचा, आणि १९२५ च्या कायद्यानेंही तेंच कायम ठेविलें. मग या दोघी गेल्या कोठें? त्या सांपडल्या पुढच्या पानावर. त्यांनीं आपला हक्क भावांच्या लाभांत राजीखुषीनें सोडला, मोबदला कांहीं नाहीं, असें तेथें लिहिलें होतें आणि खालीं दोन अंगठे होते. धाकटीचें एक असो. थोरली मात्र लिहितां-वाचतां येणारी होती. तिच्या हातचें वळणदार बालबोध पत्र आमच्या घरीं अद्याप आहे. ज्या बाईस सही येत होती तिचा अंगठा कां घेतला, याचा खुलासा कोणत्याही दप्तरांत मिळणार नाहीं.

असो. फेरफारांच्या मागें गेलें कीं इंग्रजी मोजणीचीं पुस्तकें लागतात. ठाणें जिल्ह्यांत ही मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास झाली, आणि तेव्हां प्रत्येक शेतास नंबर, क्षेत्र, आकार आणि खातेदार नेमून दिला गेला. भाताचीं खाचरें, वरकस, खार, वाडी असे प्रकार निरनिराळे दाखविलेले असतात. त्यावरून पूर्वजाचें नांवच नव्हे तर त्याची ऐपतही कळते. येथें एक ध्यानांत ठेवावें कीं, खातेदार आणि प्रत्यक्ष कसणारा हे एकच असतील असें नाहीं. साष्टी इंग्रजांनीं १७७४ च्या अखेरीस घेतली, आणि पुढें तेथील कित्येक गांव मुंबईच्या धनिकांस, विशेषतः पारशी गृहस्थांस, इनाम किंवा कायम पट्ट्यानें दिले गेले. अशा गांवीं सरकारी पुस्तकांत इनामदाराचें नांव, आणि आपला पूर्वज त्याच्या खासगी वसुलाच्या वहींत. १९५१ च्या कायद्यानें साष्टीच्या या इस्टेटींची साऱ्याची माफी संपली. वसईकडील मुलूख १८१७ च्या पुणें तहानें इंग्रजांकडे आला, तेथील स्थिति या बाबतींत पुष्कळ निराळी आहे. मुंबई बेटांत ज्यांचीं घरें त्यांनीं लॉटन साहेबाची १८६५ ते १८७२ ची मोजणी पाहावी.

इंग्रजीच्या मागें मोडी. वसई मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या हातीं पडली. पोर्तुगीज सरदार व यूरोपियन पाद्री निघून गेले. कसणारा ख्रिस्ती समाज येथेंच राहिला, आणि त्याची धार्मिक व्यवस्था एतद्देशीय धर्मगुरूंकडे आली. माझ्या मतें आपल्या घराण्यांच्या इतिहासांत या सालाइतकें महत्त्वाचें दुसरें साल नाहीं, आणि तें केवळ लढाईमुळें नव्हे. वरचा जमीनदार गेला, तेव्हां सरकारचा हिशेब खालच्या माणसाशीं जोडला गेला. पेशवाईच्या कागदांत किरिस्ताव म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते हेच लोक, आणि त्यांचीं नांवें कारकुनाच्या कानांवर जशीं पडलीं तशीं उतरलेलीं असतात. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाहीं. जुजे, आंतोन, बस्त्याव हीं नांवें ओळखूं येण्यास डोळा तयार व्हावा लागतो. हें मोठें दप्तर पुण्यास आहे. त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनीं १९३० पासून पंचेचाळीस खंडांत छापविले, त्यांपासून आरंभ करणें सोयीचें.

सालांचा घोटाळाही येथेंच होतो. मोडी कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांनीं लिहितात. "अर्बैन मया व अलफ" म्हणजे चाळीस, शंभर आणि हजार, अर्थात् ११४०. त्यांत ५९९ मिळविले कीं १७३९ येतें; परंतु हें वर्ष मृगापासून सुरू होतें, म्हणून वसई पडली ती त्याच्या आदल्या सनांत, आणि अर्बैन हें मराठी अंमलाचें पहिलें पुरें वर्ष. इंग्रजांच्या तारखाही १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाच्या, त्या वेळच्या पोर्तुगीज तारखांहून अकरा दिवस मागें. एकाच घटनेच्या दोन तारखा पाहून कोणी एक कागद खोटा ठरवूं नये.

आतां पोर्तुगीज पुस्तकांकडे वळूं, जीं आपण सर्वांत आधीं उघडावयास जातों आणि जीं सर्वांत शेवटीं उघडावीं. गुजराथच्या बहादूरशहानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढें सिमाव बोतेल्यो या अधिकाऱ्यानें १५५४ च्या सुमारास उत्पन्नाची मोठी नोंदवही केली. तिला तोंबो म्हणतात, आणि ती १८६८ सालीं लिस्बन येथें छापली गेली. गांव, कसबे, परगणे, भाताचे मुडे आणि फेदिया नांवाच्या नाण्यांतील आंकडे तींत आहेत. गांव फोर म्हणजे खंड घेऊन, बहुधा तीन हयातींच्या मुदतीनें, पोर्तुगीज शिपायांस, त्यांच्या विधवांस, पोरक्या मुलींस लग्नांत, मठांस असे देत. खुद्द मुंबई बेट गार्सिया द ओर्ता या प्रसिद्ध वैद्याकडे याच रीतीनें होतें. तोंबोंत नांव असावयाचें तें या फोर भरणाऱ्याचें. त्याच्या गांवांत चिखल तुडवून भात लावणाऱ्याचें नांव लिहिण्याचें सरकारास कारणच नव्हतें. तेव्हां तोंबोंत सोझा सांपडला तर तो आपला पूर्वज असण्यापेक्षां आपल्या पूर्वजाकडून खंड घेणारा असण्याचा संभव फार अधिक. क्वचित् म्हात्रे, पाटील अशा गांवकामगारांचा उल्लेख येतो. ज्या घराण्यांत पोर्तुगीज आडनांवासोबत हें जुनें नांवही टिकलें आहे त्यांनीं तें जपावें. माझ्या दृष्टीनें राजाच्या कल्पित सनदेपेक्षां तो बळकट पुरावा आहे.

गोव्याच्या पुराभिलेखांत जे कोणी जातील त्यांना आणखी एक सूचना. हें दप्तर १५९५ मध्यें दियोगो दो कौतु या इतिहासकाराच्या हवालीं करून स्थापिलें गेलें, आणि विसाव्या शतकांत पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं त्याची व्यवस्था लावली. तेथें साष्टी म्हटलें कीं प्रथम मडगांवाकडची साष्टी पुढें येते. माहीम मुंबईजवळ एक आणि केळव्याजवळ दुसरें. नुसत्या गांवाच्या नांवावर विसंबून दुसऱ्याच साष्टीचा पूर्वज घरीं आणलेले गृहस्थ मला ठाऊक आहेत.

कोर्टाचे कागद हा निराळाच खजिना. मुंबईंत १७२६ च्या सनदेनें मेयरचें कोर्ट आलें, १७९८ सालीं रेकॉर्डरचें, १८२४ पासून सुप्रीम कोर्ट, आणि १८६२ सालीं हायकोर्ट. मृत्युपत्रें, मयताच्या मालाच्या याद्या आणि वांटणीचे दावे यांत भांडीं, पलंग, सोन्याच्या मण्यांची माळ, कोणाचें किती देणें हें सर्व आढळतें. महसुलाचा कारकून चार शब्द लिहून मोकळा होतो. वकील साक्षीदारास कुटुंबाची सारी हकिकत विचारतो. बेल्लारीच्या अब्राहाम घराण्याचा दावा या बाबतींत पाहण्याजोगा आहे. १८४२ सालीं एक ख्रिस्ती व्यापारी वारला, त्याची विधवा व त्याचा भाऊ यांच्यांत मिळकतीचा तंटा लागला आणि तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला. १८६३ च्या निकालांत ठरलें कीं, ख्रिस्ती झालेल्या माणसावर जुन्या हिंदु कायद्याचें बंधन राहत नाहीं. तो जुनी वहिवाट ठेवूंही शकतो, सोडूंही शकतो, आणि त्यानें काय केलें हें त्याच्या वागणुकीवरून पाहावयाचें. अर्थात् वागणूक कशी होती याचा पुरावा आला, आणि त्याबरोबर पोशाख, राहणी व सोयरीक यांचीं वर्णनेंही आलीं. ज्या घरांत पूर्वीं भाऊबंदकी झाली तें घर या कामीं भाग्यवान् म्हटलें पाहिजे, जरी त्या भाऊबंदांस तसें वाटलें नसेल.

आणि शेवटीं देवालयाच्या वह्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं लग्नाच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा केली, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदींत धर्मपिता व धर्ममाता लिहिण्यास सांगितलें. शेतावरून जें घर सांपडलें त्यांतलीं माणसें या वह्यांत ओळखावीं, विशेषतः ज्यांना शेत नव्हतें आणि ज्यांना तें मिळूं दिलें नाहीं तीं. सरकारी पुस्तकांत न आलेल्या बायका येथें आई म्हणून, धर्ममाता म्हणून, वधू म्हणून पानोपानीं भेटतात. जुनी वही मिळाली नाहीं तर निराश न होतां शेजारच्या देवालयांत पाहावें. पाद्रोआदो आणि प्रोपगांदा यांचे दोन अंमल मुंबईंत दीर्घकाळ शेजारीं शेजारीं होते, आणि आपला हा भाग १८८६ ते १९२८ दमणच्या धर्मप्रांतांत होता, म्हणून कागदही विखुरले आहेत.

माझा स्वतःचा शोध इंग्रजी मोजणीपाशीं थांबला. पुढचीं दोन नांवें देवालयाच्या वहीनें दिलीं. मूळ पुरुष म्हणून ज्याचा आम्ही गौरव करीत होतों तो दीड खाचराचें कूळ होता, आणि वाडी राजानें दिलेली नसून त्याच्या नातवानें कर्ज काढून घेतलेली होती. कर्जाची फेड झाल्याचा शेराही फेरफारांत आहे. आमच्या घरच्या वंशवृक्षावर पूर्वीं फक्त तीन भाऊ होते. आतां त्या ओळींत दोघी बहिणींचीं नांवें घातलीं आहेत, वयाच्या क्रमानें, म्हणजे थोरली पहिली. तिचें पत्र आणि त्या हक्कसोडीची नक्कल मीं एकाच पाकिटांत ठेविलीं आहेत.