परदेशात सेवा करायची, पण कुणामार्फत?

परदेशात जाऊन काहीतरी समाजसेवा करावी, असं आमच्या लोणावळा लोकलमधल्या आयटीवाल्यांना अधूनमधून वाटतं. मग नेटवर संस्था शोधणं सुरू होतं. फी किती, फोटो कसे, सर्टिफिकेट मिळतं का! अशा वेळी मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात.

१९३७ मध्ये जपानने चीनवर हल्ला केला. चिनी एट्थ रूट आर्मीचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं आणि सप्टेंबरात पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख डॉ. अटल आधी स्पेनच्या यादवीत काम करून आलेले, म्हणजे पूर्वानुभव होता. बाकी नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. मागणी डॉक्टरांची होती, डॉक्टरच गेले. (रिक्वायरमेंट न वाचता कोडिंगला बसणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता खरी गंमत. पाठवणारी काँग्रेस ही राजकीय संघटना, चीनमध्ये तिचा एकही दवाखाना नव्हता. तिथे पोचल्यावर काम कुणाच्या हाताखाली करायचं, हा वेगळाच प्रश्न होता. सुरुवातीला ही मंडळी हँको, चुंगकिंग भागात चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेत होती. पण ज्यांनी बोलावलं ते दूर उत्तरेत, येनानला. १९३९ च्या सुरुवातीला पथक तिथे गेलं. माझ्या मते, पाठवणाऱ्या संस्थेच्या नावापेक्षा हा दुसरा निर्णय मोठा. आपण मात्र फक्त पाठवणाऱ्याची वेबसाईट बघतो. माझा एक मित्र दोन आठवडे शाळा रंगवायला चाललाय, तेही भरपूर फी भरून. त्या गावात रंगारी नाहीत का, हे त्याने विचारलेलंच नाही!

असो. कोटणीस आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले, चिनी शिकले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. हे नाव कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांचं. तेही असेच आलेले, आणि ऑपरेशन करताना बोट कापून झालेल्या जंतुसंसर्गाने १९३९ मध्ये गेलेले. म्हणजे या कामात जीव जाऊ शकतो, हे कोटणीसांच्या रुग्णालयाच्या पाटीवरच होतं. १९४१ मध्येच त्यांनी तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं.

बाकीचे चौघे भारतात परतले. कोटणीसांना फिट्स येत, तरी ते थांबले. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले तेव्हा वय होतं ३२, आणि मुलगा काही महिन्यांचा.