पहिल्या भाषेची निवड

कोणतीही विद्या शिकूं इच्छिणाराला पहिला धडा कोणता द्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां लहान दिसतो. परंतु त्या विद्येचें दार किती जणांसाठीं उघडें राहणार, हें पुष्कळदां त्यावरच ठरतें. मुलाच्या हातीं प्रथम धूळपाटी देतात, व्याकरण देत नाहींत. संगणकविद्येंत हें तत्त्व ज्यांनीं निष्ठेनें अमलांत आणलें, अशा दोन गणिताध्यापकांची ही हकीकत आहे.

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यांत हॅनोव्हर या लहान गांवीं डार्टमथ नांवाचें जुनें कॉलेज आहे. तेथें जॉन केमेनी व टॉमस कर्ट्‌झ हे गणित शिकवीत असत. केमेनी मूळचे बुडापेस्टचे. १९४० मध्यें ते कुटुंबासह अमेरिकेंत आले. डार्टमथचे सुमारें तीन-चतुर्थांश विद्यार्थी विज्ञानाकडे वा अभियांत्रिकीकडे वळत नसत. तथापि पुढें शासनाचीं व व्यापाराचीं सूत्रें त्यांच्याच हातीं जावयाचीं होतीं. ज्या यंत्राविषयीं त्यांनीं निर्णय घ्यावयाचे, तें त्यांनीं कधीं हाताळूंच नये काय, हा विचार या दोघांना स्वस्थ बसूं देईना.

त्या काळीं संगणकाकडे जाणें म्हणजे कचेरींत अर्ज देण्यासारखें होतें. आज्ञावली कार्डांवर छिद्रें पाडून उतरवावयाची, कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या स्वाधीन करावयाचा आणि उत्तराची तासन्‌तास, प्रसंगीं दिवसभर, वाट पाहावयाची. एक स्वल्पविराम चुकला कीं सारें पुन्हां पहिल्यापासून! १९५७ मध्यें प्रसृत झालेली फोरट्रान ही भाषा शास्त्रज्ञांच्या सोयीची खरी; परंतु तींत एखादी क्रिया ठराविक वेळां करविण्यासाठीं ‘डू १०० आय = १, १०, २’ असें लिहावें लागे. यांतील आरंभाचा आंकडा कोणता, शेवटचा कोणता आणि वाढ कितीची, हें लक्षांत ठेवतां ठेवतां नवशिका गोंधळून जाई.

फोरट्रान किंवा अल्गोल यांचाच सोपा भाग निवडावा, असें कर्ट्‌झ यांना प्रथम वाटत होतें. केमेनींचा आग्रह नव्या भाषेचा होता, आणि अखेर तोच मान्य झाला. ‘बेसिक’ ती हीच. वरील आज्ञा तींत ‘फॉर आय = १ टू १० स्टेप २’ अशी झाली; इंग्रजी जाणणाराला वाचतांच उमगावी अशी. पूर्णांक व अपूर्णांक यांचा भेद सांभाळण्याचा भार शिकणारावर ठेविला नाहीं. प्रत्येक ओळीस क्रमांक द्यावा, ‘लेट’ने किंमत ठरवावी, ‘प्रिंट’ने उत्तर मागावें, ‘एंड’ने संपवावें, एवढ्यावर पहिली आज्ञावली तयार होई.

परंतु भाषा सोपी होऊनही दिवसभर वाट पाहणें उरलें असतें, तर शिकणाराचा उत्साह टिकला नसता. म्हणून एकच संगणक अनेकांत क्षणाक्षणानें वाटून देण्याची व्यवस्था त्यांनीं उभारली. तिचें पुष्कळसें काम विद्यार्थ्यांनींच केलें. १ मे १९६४ रोजीं पहाटे चारच्या सुमारास केमेनी व एक विद्यार्थी यांनीं शेजारशेजारच्या टेलिप्रिंटरांवर ‘रन’ हा शब्द उमटविला, आणि दोघांनाही बिनचूक उत्तरें मिळालीं. पुढें दोन-तीन व्याख्यानें ऐकून विद्यार्थी स्वतः आज्ञावली लिहूं लागले. चूक झाली तर यंत्र तत्काळ सांगे, आणि ती तेथल्या तेथें सुधारतां येई.

या भाषेवर टीकाही कठोर झाली. डच शास्त्रज्ञ डाइक्‌स्ट्रा यांनीं १९७५ मध्यें लिहिलें कीं, बेसिकची संवय जडलेल्यांना चांगली आज्ञावली-रचना शिकविणें जवळजवळ अशक्य होय. टीका अतिरेकी असली तरी सर्वस्वीं निराधार नव्हती. ‘गोटू’ या आज्ञेनें हवी तेथें उडी मारतां येई, व त्यामुळें लांब आज्ञावलींचा गुंता होई. खुद्द केमेनी व कर्ट्‌झ यांनीं १९८५ मध्यें ‘ट्रू बेसिक’ ही सुधारलेली आवृत्ति काढली. धूळपाटीवर अक्षर गिरविणारानें जन्मभर तीच घेऊन बसावें, असा त्यांचा हेतु नव्हता.

केमेनी १९९२ मध्यें वारले, कर्ट्‌झ २०२४ मध्यें. आज नवशिक्याच्या हातीं पुष्कळ ठिकाणीं पायथन ही १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेली भाषा देतात. वाचावयास सुलभ असणें हा तिचाही मोठा गुण मानला जातो. भाषा बदलली, तरी हॅनोव्हरच्या अध्यापकांचा धडा जुना झालेला नाहीं. भाषा निवडणारानें आधीं शिकणाराकडे पाहावें. पहिल्याच दिवशीं त्याला स्वतःचा एखादा लहानसा हिशेब सोडवूं द्यावा. आणि पाऊल स्थिर झालें कीं पुढच्या भाषेकडे खुशाल जाऊं द्यावें.