बर्लिन १९३६ : अमरावतीचे पथक आणि एक रूढ गैरसमज

१/ मेळघाटात सिपना नदीकाठी सेमाडोह वसले आहे. भोवती सागाचे दाट जंगल. हिवाळ्यात येथे कडाक्याची थंडी पडते, पण बर्फ नाही. हिमक्रीडा या मातीतल्या नव्हेत. मात्र ज्या वर्षी जर्मनीने हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन्ही ऑलिम्पिक भरवली, त्या वर्षी याच जिल्ह्यातील तरुणांचे पथक तेथे गेले होते.

२/ फेब्रुवारी १९३६. गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील हिवाळी ऑलिम्पिकमध्ये २८ देश उतरले. भारत त्यांत नव्हता. ऑगस्टमध्ये बर्लिनला ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने जर्मनीला ८-१ असे नमवले. याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

३/ हे मंडळ म्हणजे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये लावलेले रोपटे. एका आखाड्यातून सुरू झालेले कार्य अवघ्या दोन तपांत युरोपपर्यंत पोहोचले.

४/ येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. ‘कबड्डी हा १९३६ च्या ऑलिम्पिकमधील अधिकृत प्रदर्शनीय खेळ होता’ असे विधान वारंवार केले जाते. ते बरोबर नाही. त्या वर्षीचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ दोनच : बेसबॉल आणि ग्लायडिंग. अमरावतीकरांची प्रात्यक्षिके स्पर्धेच्या चौकटीबाहेरची होती. तेथे गुण नव्हते, पदकही नव्हते.

५/ मग हे पथक कोणत्या राष्ट्राचे? वऱ्हाडावर स्वामित्व निजामाचे, तेही नाममात्र. प्रत्यक्ष कारभार ब्रिटिशांचा. स्वतंत्र भारत अद्याप अकरा वर्षे दूर होता. ज्यांच्याजवळ स्वतःचे राज्य नव्हते, त्यांनी स्वतःचे खेळ सोबत नेले. त्यांची राष्ट्रीयता ध्वजात नव्हती, सागवानी खांबावरच्या पकडीत होती.

६/ हिटलरने या पथकाचे कौतुक केल्याच्या कथा आजही अभिमानाने सांगितल्या जातात. त्या ऐकताना तो काळ विसरू नये. न्यूरेंबर्गचे वंशभेदी कायदे १९३५ चेच. नाझी राजवटीला पाहुण्यांच्या गर्दीतून स्वतःची प्रतिमा उजळायची होती. पथकाची थोरवी त्याच्या कौशल्यात आहे. यजमानाच्या शाबासकीची तिला गरज नाही.

७/ लहान संघाचा दुसरा मार्ग १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकमध्ये दिसतो. तेथे भारताचा संघ म्हणजे सोळा वर्षांचा एकटा शिव केशवन. मनालीजवळ वाढलेल्या या मुलाने लूज हा घसरगाडीचा युरोपीय खेळ आत्मसात केला आणि जगाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्याने जगाचा खेळ आपलासा केला. अमरावतीच्या तरुणांनी आपला खेळ जगापुढे मांडला. दोघांच्याही पाठीशी संख्याबळ नव्हते आणि दोघांनाही पदक मिळाले नाही.

८/ पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीला पदकाचा दर्जा मिळाला आणि सुवर्ण भारताकडे आले. मल्लखांबाचा ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धांत समावेश झाला. ही वाट एकट्या बर्लिनने घडवली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु आखाड्यातला खेळ सातासमुद्रापार मांडण्याजोगा आहे, हा विश्वास त्या तरुणांनी पारतंत्र्यात दाखवला होता. ‘ऑलिम्पिक खेळ’ हे उसने बिरूद काढून टाकले, तरी त्या विश्वासाचे मोल कमी होत नाही.