निस्तार आणि ग्रामसभा

‘निस्तार’ हा शब्द आज प्रमाण मराठीत क्वचितच भेटतो. पूर्व विदर्भाच्या महसुली कागदपत्रांत मात्र तो टिकून आहे. तलावातील पाणी, जंगलातील सरपण, चराई यांवरील गावाचा वहिवाटीचा हक्क म्हणजे निस्तार. मध्यप्रांतातील बंदोबस्तात गावोगावचे असे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदले जात. गोंदियातील (१ मे १९९९ पूर्वी हा भंडाऱ्याचाच भाग) स्थानिक स्वराज्याचा इतिहास सहसा रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून सांगितला जातो. तो तलावाच्या पाळीपासून सांगणे अधिक योग्य ठरेल.

कोहळी समाजाने या मुलखात शेकडो तलाव बांधले. नवेगावबांध हा त्यांतील सर्वांत ख्यात. ज्यांची धानशेती त्या पाण्यावर, त्यांनीच पाळ राखायची, गाळ काढायचा, अशी ही व्यवस्था. ती लोकशाही नव्हती. शेवटचा शब्द मालगुजाराचा असे. भूमिहीनांना आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवरांना त्यात आवाज नव्हता. तरी पाळ फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे गाव जाणत होते. विचारण्याची प्राज्ञा मात्र थोड्यांचीच.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि बहुतेक तलाव सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव झाले. (मामा हे नाते नसून संक्षेप आहे, हे बाहेरच्यांना सांगावे लागते.) द्वारकाप्रसाद मिश्रांच्या १९४८ च्या योजनेतील जनपद सभा गेल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, लहान तलाव त्यांच्याकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजार गेला हे न्याय्यच झाले, पण त्याच्या जागी गाव नव्हे, खाते बसले.

गावाकडे उरली ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार तिची गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी जे कमी ते. तहकूब सभेला तेवढीही अट नाही. देवरी, सालेकसा हे आदिवासीबहुल तालुके अनुसूचित क्षेत्रात नसल्याने १९९६ चा पेसा कायदाही येथे लागू नाही. शेजारच्या गडचिरोलीत तो आहे.

वनहक्क कायद्याला अशी सीमा नाही. २००६ च्या या कायद्याने सामुदायिक हक्क मोजताना ‘निस्तार’ हाच जुना शब्द वापरला. त्याच्या नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हवेत, आणि उपस्थितांत एक-तृतीयांश स्त्रिया. देवरीतील काही ग्रामसभा या हक्काच्या बळावर तेंदूपाने स्वतः विकतात. विक्रीचा हिशेब त्यांना आपल्याच माणसांना द्यावा लागतो. मामा तलावाची पाळ मात्र खात्याच्या नोंदवहीत आहे, आणि तिच्या दुरुस्तीचा विषय निघतो तो शंभरांवर भागणाऱ्या सभेत.