सह्याद्रीतील पावसाची अनिश्चितता, वने आणि डोंगरी शेती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पर्वतीय प्रदेशातील मानवी जीवन हे हवामानाच्या चढउतारांशी निगडित असते. मैदानी प्रदेशात पाऊस कमी-अधिक झाला तर त्याचा परिणाम प्रामुख्याने पिकांवर होतो. डोंगराळ प्रदेशात मात्र वने, गवत, झरे, माती आणि पिके या सर्वांवर तो एकाच वेळी होतो व यांपैकी एकाची हानी दुसऱ्यास भोवते. सह्याद्री हे याचे ठळक उदाहरण होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या पर्वतातील वनांच्या ऱ्हासाचा आणि पावसाच्या लहरीपणाचा संबंध शासन, वैज्ञानिक व शेतकरी यांनी आपापल्या परीने लावला. त्यातून जे कायदे झाले त्यांचे परिणाम डोंगरी समाज आजही अनुभवत आहे. पावसातील नैसर्गिक चढउतार आणि मानवी वापरामुळे झालेला वनऱ्हास या दोन गोष्टींची गल्लत कशी झाली व तिची किंमत कोणी मोजली, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी :

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येऊन सह्याद्रीस अडतात व पश्चिम उतारावर आणि घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस देतात. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी साडेपाच ते सहा हजार मि.मी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेस रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेल्या वाई येथे तो जेमतेम सातशे-आठशे मि.मी. भरतो. इतक्या थोड्या अंतरात वनस्पतींचे स्वरूपही पालटते. घाटमाथ्यावर जांभूळ, अंजनी, पिशा, हिरडा यांची सदाहरित व निमसदाहरित राने, उतारावर कारवीची दाटी, तर पूर्वेस पानझडी झाडे व काटेरी झुडपे दिसतात. म्हणूनच पावसाचे मान थोडे जरी बदलले तरी या पट्ट्यांच्या सीमेवरील झाडझाडोऱ्यास व शेतीस त्याची झळ प्रथम बसते.

येथील दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पाऊस विपुल असूनही उन्हाळ्यात भासणारी पाणीटंचाई. तीव्र उतार आणि काळा कातळ यांमुळे पाणी वेगाने वाहून जाते. ते मुरविण्याचे काम माती व वनस्पतींचे आवरण करते. त्यामुळे घाटातील शेतीच्या दृष्टीने एकूण पावसापेक्षा तो केव्हा सुरू होतो, मध्येच किती दिवस उघडीप देतो आणि केव्हा संपतो, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

पारंपरिक डोंगरी शेती :

या अनिश्चिततेला तोंड देण्यासाठी डोंगरी शेतकऱ्यांनी एक पद्धती विकसित केली होती. खोऱ्यातील खाचरांत भात आणि उतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, हरीक, खुरासणी अशी तिची विभागणी होती. भातास खाचरात पाणी साचून राहावे लागते, तर नाचणी व वरी पावसाची उघडीप पुष्कळ सहन करतात. एका वर्षी भात बुडाले तरी नाचणी घर तारीत असे. वरकस जमिनीत साधारणतः पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरी, मग खुरासणी वा हरीक घेऊन ती काही वर्षे पड टाकली जाई. प्रदेशानुसार या क्रमात फरक असे. कातकरी, ठाकर आदी समाजांची दळी आणि दक्षिणेकडील कुमरी ही फिरती शेतीदेखील याच तत्त्वावर आधारलेली होती.

या शेतीचा वनाशी असलेला दुवा म्हणजे राब होय. झाडांचा टहाळ, पालापाचोळा, गवत व शेण यांचे थर वाफ्यावर पसरून ते उन्हाळ्याच्या अखेरीस भाजले जात. त्यामुळे तणाचे बी नष्ट होई, राखेचे खत मिळे आणि पहिल्या पावसाबरोबर पेरलेली रोपे जोमाने वाढून मुसळधार पावसापूर्वी लावणीयोग्य होत. पाऊस लवकर वा उशिरा आला तरी लावणीचा हंगाम साधावा, ही त्यामागील दृष्टी होती. शिवाय अवर्षणाच्या वर्षी रानातील कंद, भाज्या, फळे आणि गुरांसाठी गवत हाच अखेरचा आधार असे.

वसाहतकालीन विचार आणि वनधोरण :

मुंबई इलाख्यात वनसंरक्षणाचा पाया डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी घातला. व्यवसायाने वैद्य असलेले गिब्सन पुण्याजवळील दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते व 1847 मध्ये त्यांची इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून नियुक्ती झाली. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटत आहेत आणि खाड्या गाळाने भरत आहेत, याकडे त्यांनी शासनाचे लक्ष वेधले. हे निरीक्षण स्थानिक पातळीवर महत्त्वाचे होते. तथापि त्या काळी याहून व्यापक असे एक मत प्रचलित होते. वने नष्ट झाली की पाऊसच कमी होतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानीत. 1851 मध्ये ह्यू क्लेगहॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश असोसिएशनपुढे उष्ण कटिबंधातील वनविनाशाच्या परिणामांविषयी जो अहवाल मांडला, त्यात या प्रश्नाची सविस्तर चर्चा होती.

वने कोणामुळे नष्ट झाली, या प्रश्नाच्या उत्तरात मात्र समतोल राहिला नाही. मुंबईच्या गोदीस जहाजबांधणीसाठी सागवान हवे होते. 1853 मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, 1863 मध्ये बोरघाटाचा व 1865 मध्ये थळघाटाचा लोहमार्ग खुला झाला आणि स्लीपर व इंधन यांसाठी लाकडाची मागणी अतोनात वाढली. असे असता दोषाचा मोठा भाग कुमरी, दळी व राब यांच्या माथी मारला गेला. 1865 च्या आणि त्याहून कठोर अशा 1878 च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था दृढ झाली. टहाळ तोडणे, गुरे चारणे, रान भाजणे या परंपरागत गोष्टींवर निर्बंध आले.

दुष्काळ आणि पावसाचे विज्ञान :

याच काळात निसर्गाने मोठे तडाखे दिले. 1876-78 चा दख्खनचा दुष्काळ, 1896-97 चा आणि पाठोपाठ 1899-1900 चा दुष्काळ ही त्याची उदाहरणे होत. 1875 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1880 च्या दशकात मध्य प्रांताच्या दक्षिण भागातील पावसाच्या नोंदी तपासल्या. फिरत्या शेतीस आळा घातल्यावर व राने पुन्हा वाढू लागल्यावर तेथील पाऊस वाढल्याचे त्यांना आढळले. परंतु ही मोजकीच वर्षे होती. पुढे एका तपातच 1896-97 व 1899-1900 या दोन्ही दुष्काळांत मध्य प्रांत होरपळून निघाला. राखीव वने कायम असतानाही पाऊस हुकला, ही बाब येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

या हुकण्याचे कारण दूरवर होते. गिल्बर्ट वॉकर यांनी 1920 च्या दशकात प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभाराच्या हेलकाव्यांचे वर्णन केले आणि पुढील संशोधनाने त्याचा एल निनोशी संबंध स्पष्ट झाला. 1877, 1899, 1918 आणि 1972 ही पावसाने दगा दिलेली वर्षे एल निनोशी संबंधित असल्याचे आज मानले जाते. वनांचा बाष्पीभवनावर व स्थानिक आर्द्रतेवर परिणाम होतो, हे खरे आहे. मात्र वर्षावर्षांतील एवढे मोठे चढउतार सह्याद्रीतील राबामुळे घडत नव्हते.

लोकांचा प्रतिसाद :

महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वनखात्याने गायराने व डोंगर बंद केल्याने शेतकऱ्यांची झालेली कोंडी मांडली आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे सत्त्व पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येते, ते अडविण्यासाठी ताली व बंधारे घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. रान, माती, पाणी व पीक यांचा एकत्रित विचार यात आढळतो. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष वाढल्यावर शासनास मुंबई वन आयोग नेमावा लागला. 1887 मध्ये त्याचा अहवाल सादर झाला व राबासंबंधीच्या तक्रारी अधिकृतपणे नोंदल्या गेल्या. तरीही मूळ धोरणाची दिशा बदलली नाही. दळी जमिनींचा प्रश्न तर इतका रेंगाळला की, 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये रायगड जिल्ह्यात त्यासंबंधीचे दावे दाखल झाले.

याउलट लोकांनी स्वतः राखलेल्या देवरायांचा दाखला महत्त्वाचा आहे. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी केलेल्या अभ्यासातून पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचे वनस्पतिशास्त्रीय मोल पुढे आले. राब करणाऱ्या गावांनीच शेजारचे रान देवाच्या नावे अबाधित ठेवले होते.

वर्तमान संदर्भ :

आज चढउतारांचे स्वरूप अधिक उग्र झाले आहे. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या मध्य भारताच्या पट्ट्यात 1950 ते 2015 या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे 594 मि.मी. पाऊस झाला आणि त्याच अतिवृष्टीत रायगड जिल्ह्यातील तळिये गावावर दरड कोसळली. त्यापूर्वी 2014 मध्ये माळीण आणि त्यानंतर 2023 मध्ये इर्शाळवाडी येथे असेच अनर्थ घडले. दुसरीकडे, नाचणी-वरीचे क्षेत्र आक्रसत गेल्याने पावसाची उघडीप सोसणारा पीकक्रम दुर्बळ झाला आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातील 39 स्थळे जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली व त्यांत कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही महाराष्ट्रातील चार स्थळे आहेत. या संरक्षणाचे स्वागत करताना डोंगरी शेतकऱ्याचे स्थान काय, हा 1887 चा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

निष्कर्ष :

1. सह्याद्रीतील पावसाचे मोठे चढउतार प्रामुख्याने दूरस्थ सागरी व वातावरणीय कारणांनी घडत आले आहेत. वनांचे आवरण त्यांना थांबवू शकत नाही, परंतु माती, झरे व पिके यांवरील त्यांचा आघात सौम्य करू शकते.

2. वसाहतकालीन धोरणाने वनऱ्हासाची जबाबदारी मुख्यतः डोंगरी शेतकऱ्यांवर टाकली व व्यापारी वापराकडे तुलनेने दुर्लक्ष केले.

3. पाऊस जसा बेभरवशाचा होता तसाच राहिला. मात्र तो सोसण्याची लोकांची साधने, म्हणजे टहाळ, चराई, वरकस पिके व रानातील अन्न, आक्रसली. दुष्काळाची तीव्रता वाढण्यास हेही एक कारण ठरले.

4. हवामान बदलाच्या काळात वनसंवर्धनाची धोरणे आखताना हा इतिहास विचारात घेणे अगत्याचे आहे. पिकांची विविधता, देवराई आणि वनहक्क यांना त्यांत स्थान मिळाले नाही, तर आभाळाच्या चुकीची शिक्षा पुन्हा डोंगरातील माणसासच होईल.